विद्युतजोडणीविना घरातील गरम पाणी : साठवण बॅटरीत की टाकीत?

बंगळूरुच्या पूर्वेस पठारावर वसलेले व्हाइटफील्ड १८८२ मध्ये अँग्लो-इंडियन कुटुंबांची शेतीवसाहत म्हणून स्थापन झाले. आज तेथे माहिती-तंत्रज्ञान उद्योगांचे साम्राज्य आहे; हिवाळ्यातील पहाटेचा गारठा मात्र कायम आहे. अशा ठिकाणी वीजजोडणी न घेता केवळ सौर विजेवर घर चालवावयाचे ठरविल्यास खरी अडचण दिव्यांची नसून स्नानाच्या पाण्याची असते. आपल्याकडील शेतघरांनाही हेच लागू पडते.

विजेचा हिशेब

१०० लिटर पाण्याचे तापमान २० अंश सेल्सिअसवरून ५० अंशांपर्यंत नेण्यास सुमारे ३.५ युनिट वीज लागते. याउलट ९ वॅटचे सहा एलईडी दिवे पाच तास जळले तरी ०.२७ युनिटच खर्ची पडते. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तास क्षमतेच्या शिसे-आम्ल बॅटरीत १.८ युनिट वीज मावते आणि बॅटरी टिकावी म्हणून त्यातील निम्मीच वापरणे इष्ट असते. म्हणजेच पहाटे गिझर लावण्यासाठी किमान चार बॅटऱ्या व २,००० वॅटचा भार पेलणारा इन्व्हर्टर हवा. हा खर्च सामान्य कुटुंबास न परवडणारा आहे.

उष्णता टाकीत साठवावी

दुपारी बॅटरी पूर्ण भरल्यानंतर पॅनेलची उरलेली क्षमता वाया जाते. ती वीज उष्णतारोधक टाकीतील हीटरकडे वळविल्यास सायंकाळी व दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी गरम मिळते. ५०० वॅटचा हीटर सात तासांत वरील ३.५ युनिटांचे काम करतो. हवेतील उष्णता खेचणारा हीट पंप तेच काम साधारण एक-तृतीयांश विजेत करतो. मात्र त्याची किंमत अधिक असते. पॅनेल नव्यानेच घ्यावयाचे असतील व छतावर जागा मर्यादित असेल, तर पाणी थेट उन्हावर तापविणारे सौर बंब अधिक किफायतशीर ठरतात, कारण पॅनेल सूर्यप्रकाशाच्या जेमतेम पाचव्या भागाचेच विजेत रूपांतर करते. पावसाळी दिवसांसाठी पर्यायी सोय दोन्ही पद्धतींत ठेवावीच लागते.

घ्यावयाची काळजी

- पॅनेलची डीसी वीज साध्या गिझरला थेट जोडू नये. त्यातील थर्मोस्टॅट एसी विजेसाठी असतो. डीसीवर ठिणगी न विझता आग लागू शकते.
- टाकीस दाबमुक्ती झडप व अर्थिंग अनिवार्य समजावे.
- कूपनलिकेच्या जड पाण्यामुळे हीटरवर क्षारांचा थर बसतो. तो वेळोवेळी काढावा.
- थंड पाण्याची टाकी घट्ट झाकावी व ओसंडनळीस बारीक जाळी बसवावी. डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस डास साठवलेल्या पाण्याच्या भांड्यांत अंडी घालतो. उष्ण हवामानात आठ-दहा दिवसांत त्यांपासून नवे डास तयार होतात.

सारांश, प्रकाशासाठी वीज बॅटरीत साठवावी आणि स्नानासाठी उष्णता पाण्यातच साठवावी.