पदवी की कारागिरी? : दहावीनंतरच्या वाटेचा विचार

दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न उभा राहतो : मुलाला आयटीआयला घालावे, की बारावी करवून पदवीला पाठवावे? वडनेर-हिंगणघाट परिसरातील शेतमजूर व अल्पभूधारक पालकांपुढे या प्रश्नाची दोन टोके आहेत. घरात लवकर मिळकत यावी ही गरज आहे. आणि ज्या हातांनी पिढ्यान्‌पिढ्या राबणेच केले, त्या हातांत पुन्हा हत्यार का द्यावे, ही सलही आहे.

ही सल समजून घेतली पाहिजे. 1937 साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाच्या द्वारे शिक्षणाचा विचार मांडला. त्याच्या आदल्याच वर्षी बाबासाहेबांनी ‘जातिनिर्मूलन’ या विषयावरील आपल्या भाषणात, माणसाचा धंदा त्याच्या कलावरून न ठरता जन्मावरून ठरतो, या अन्यायावर बोट ठेवले होते. त्यांचा विरोध कौशल्याला नव्हता. लादलेल्या कामाला होता. म्हणूनच 1942 साली सरकारला दिलेल्या निवेदनात त्यांनी उच्च वैज्ञानिक व तांत्रिक शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या, आणि त्याचबरोबर रेल्वे व सरकारी छापखान्यांत आपल्या मुलांना उमेदवारीचे प्रशिक्षण मिळावे, हीही मागणी केली. जन्माने चिकटलेला धंदा आणि शिकून मिळविलेले कसब यांत हा फरक आहे.

आता व्यवहार पाहू. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन व फिटर हे अभ्यासक्रम दोन वर्षांचे, तर वेल्डरचा एक वर्षाचा असतो. पुढे 1961 च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यानुसार कारखान्यात विद्यावेतनासह उमेदवारी करता येते. महावितरणचा विद्युत सहायक किंवा रेल्वेचा सहायक लोको पायलट होण्यासाठी हे प्रमाणपत्र उपयोगी पडते. मात्र माध्यमिक शाळेत शिक्षक व्हायचे असेल, वकिली करायची असेल किंवा राज्यसेवेची परीक्षा द्यायची असेल, तर पदवीवाचून गत्यंतर नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवी तीन वर्षांनीही मिळते; चौथे वर्ष ऑनर्स वा संशोधनाचे असते. तेव्हा ‘चार वर्षे कशी निघतील’ या भीतीनेच मागे फिरू नये.

अनेक पालकांना ठाऊक नसलेली गोष्ट अशी की, आयटीआयची वाट तेथेच संपत नाही. दोन वर्षांचा आयटीआय उत्तीर्ण विद्यार्थी पात्रतेनुसार तंत्रनिकेतनाच्या थेट दुसऱ्या वर्षात जाऊ शकतो आणि पदविकेनंतर अभियांत्रिकीच्याही थेट दुसऱ्या वर्षात. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती 1944 पासून चालू असून उत्पन्नमर्यादेत बसणाऱ्यांना ती आयटीआय व पदवी या दोहोंसाठी मिळते. केवळ पैशासाठी पदवी सोडण्यापूर्वी ही चौकशी अवश्य करावी.

उलट बाजूही तेवढीच खरी आहे. मुलाचा कल नसताना, केवळ नावापुढे पदवी लागावी म्हणून कोणत्याही शाखेत प्रवेश घेतला, तर वर्षे जातात आणि हाती ना विद्या उरते, ना कसब.

म्हणून निर्णयापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. मुलाला किंवा मुलीला स्वतःला काय आवडते? तिला जे काम करायचे आहे, त्यासाठी नेमकी कोणती पात्रता लागते? आणि आज निवडलेल्या वाटेवरून उद्या पुढे जाता येईल का? मुलीसाठी फिटर वा इलेक्ट्रिशियनचे नाव निघताच नकार देऊ नये. कर्तृत्वाला जात नसते, तसे लिंगही नसते. प्रवेशाआधी मुलांना एकदा आयटीआयची कार्यशाळा व एकदा महाविद्यालय दाखवावे. माजी विद्यार्थ्यांनी सुटीत शाळेत येऊन आपापल्या कामाची खरी माहिती द्यावी, मिळकतीसह व कष्टांसह.

तथागतांनी अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविकेला स्थान दिले. कोणालाही न फसवता, न दुखवता केलेले काम सम्यकच आहे. मग ते पान्याने होवो वा लेखणीने. आपण जपायचे ते एवढेच, की काम कोणते करावे हे मुलाने शिकून, समजून ठरवावे. ते त्याच्यासाठी दुसऱ्या कोणी ठरवून ठेवलेले नसावे.