टीव्हीवरचं ‘हाय-रेस’ संगीत: साधन तपासल्याशिवाय प्रयोग नको

समजा, तुम्ही सोलापुरात बसून पीएचडीचा आराखडा लिहिताय. प्रश्न असा: सीडीच्या दर्जाचं संगीत आणि हाय-रेस संगीत यांतला फरक श्रोत्यांना ओळखता येतो का? साधनं घरचीच, म्हणजे टीव्ही, त्याला लावलेली स्ट्रीमिंग स्टिक आणि साउंडबार. ॲपवर ‘हाय-रेस’ अशी अक्षरंही झळकतायत. मग करायची सुरुवात? थांबा. ती अक्षरं फाइलबद्दल सांगतात, स्पीकरपर्यंत काय पोचलं याबद्दल नाही.

आधी आकडे बघू. सीडीत आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतलेले असतात आणि प्रत्येक नमुना १६ बिटचा असतो. हाय-रेसमध्ये बहुधा २४ बिट आणि ९६,००० किंवा १,९२,००० नमुने. २४ बिट/९६ किलोहर्ट्झला दोन चॅनेल धरून सेकंदाला सुमारे ४.६ मेगाबिट लागतात, तेही न आवळता. म्हणजे अडचण सहसा इंटरनेटची नसते.

गाडी अडते कुठे?

टीव्हीच्या उपकरणात गाणं, मेन्यूचा टिकटिक आवाज, व्हिडिओ हे सगळं एकत्र मिसळलं जातं. त्यासाठी सगळ्यांचा नमुना-दर एकच करावा लागतो. व्हिडिओच्या जगात तो ४८ किलोहर्ट्झ, म्हणून बरीच उपकरणं सगळंच ४८ वर आणतात. ॲपल टीव्ही ४के तर ४८ च्या वर जातच नाही, हे ॲपलनेच सांगितलंय. अँड्रॉइड १४ पासून यूएसबी डॅकला आवाज जसाच्या तसा देण्याची सोय आली, पण ॲपने ती वापरायला हवी. आणि शेवटी ब्लूटूथ स्पीकर जोडलात, तर आवाज पुन्हा आवळला जाणार.

तपासायचं कसं?

नमुना-दर दाखवणारा डॅक किंवा रिसीव्हर घ्या. आधी ४४.१ चं गाणं लावा, मग ९६ चं. दोन्ही वेळा ४८ दिसलं, तर तुमचे ‘दोन गट’ प्रत्यक्षात जवळपास एकच आहेत. नुसतं ९६ चं गाणं लावून ९६ दिसलं म्हणून खूश होऊ नका. उपकरण सगळंच ९६ वर चढवत असेल तर? आकडा गाण्यागणिक बदलला पाहिजे. आपल्या भाषेत हाच ‘कंट्रोल’.

हे एवढं काटेकोर का? कारण शोधायचा परिणामच बारीक आहे. २००७ मध्ये मेयर आणि मोरान यांच्या चाचणीत ५५४ पैकी २७६ उत्तरं बरोबर आली, म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. २०१६ मध्ये जोशुआ राइस यांनी १८ प्रयोगांचं एकत्रित विश्लेषण केलं. त्यात १२,५०० हून अधिक चाचण्यांत अचूकता निघाली सुमारे ५२.३ टक्के, प्रशिक्षित श्रोत्यांत जास्त. दोन-अडीच टक्क्यांचा फरक शोधताना साधनच तो पुसून टाकत असेल, तर ‘फरक आढळला नाही’ हा निष्कर्ष श्रोत्यांबद्दल नसून तुमच्या स्टिकबद्दल असेल.

गाण्यांची निवडही जपून करा. सोलापूरच्या फय्याज यांनी ‘कट्यार काळजात घुसली’ गाजवलं तो १९६७ नंतरचा काळ टेपचा. टेपच्या खरखरीमुळे तिथला आवाजाचा पल्ला १६ बिटांतही आरामात मावतो. अशा ध्वनिमुद्रणाच्या २४ बिट प्रतीतून फारसा फरक निघणार नाही.

तेव्हा पद्धतीच्या प्रकरणात ‘हाय-रेस ॲप वापरलं’ एवढंच लिहू नका. उपकरण, जोडणी, आउटपुटला मोजलेला दर आणि तपासणीची तारीख लिहा. मार्गदर्शक पहिला प्रश्न तिथेच विचारतील.