लाजेपायी भाजून घेऊ नका

'मॅडम, जरा दार लावून घ्या ना,' ती आत आल्या आल्या म्हणाली. पलीकडच्या तालुक्यातून दोन एसट्या बदलून आली होती. का, तर ओळखीचं कुणी भेटायला नको. वय तिशीच्या आसपास, पदरी दोन मुलं. बराच वेळ पदराशी चाळा करत बसली आणि शेवटी म्हणाली, 'खालच्या जागेवर चामखिळीसारखं आलंय. मोड फुटल्यागत.' एवढं बोलून रडायलाच लागली.

तपासलं तेव्हा चामखिळी सात-आठच दिसल्या, पण आजूबाजूची कातडी पार सोलली होती. शेजारणीला 'चामखीळ कशानं जाते गं?' असं मोघम विचारून तिने चुना-सोडा लावला होता. जागा कुठली, ते काही सांगितलं नव्हतं. त्याने भाजलं, म्हणून मेडिकलमधून चामखिळीचं औषध आणलं. मैत्रिणींनो, या औषधात बहुतेक वेळा सॅलिसिलिक ॲसिड असतं. ते हातापायांच्या जाड कातडीसाठी. नाजूक जागी ते कधीही लावायचं नाही.

या चामखिळी एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे येतात. त्याचे पुष्कळ प्रकार आहेत. चामखिळी आणणारे मुख्यतः ६ आणि ११ नंबरचे. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर करणारे १६ आणि १८ वगैरे निराळे. त्यामुळे चामखीळ म्हणजे कॅन्सर नव्हे. शरीरसंबंधात कातडीला कातडी लागून हा विषाणू पसरतो. पण लागण झाल्यावर चामखीळ दिसायला काही आठवडे, महिने, कधी वर्षंही जातात.

आधी सोललेली कातडी बरी होऊ दिली. रक्त तपासलं, कारण गरमीच्या रोगातही (सिफिलिस) असेच उंचवटे येतात आणि त्याचं औषध वेगळं असतं. मग इमिक्विमॉड ५ टक्के हे क्रीम लिहून दिलं. हे क्रीम चामखीळ जाळत नाही, तर त्या जागेवर शरीराची प्रतिकारशक्ती जागी करतं. म्हणून त्याला वेळ लागतो.

दहा दिवसांनी बाई परत हजर. जागा पुन्हा लालभडक, लघवीला बसलं की आग. 'रोज लावलं मॅडम, जरा जास्तच. लवकर जावं म्हणून.' खरं सांगते, चूक माझीही होती. मी चिठ्ठी दिली, पण समजावून सांगितलं नाही. जखम भरेपर्यंत क्रीम बंद ठेवलं. मग तिला म्हटलं, 'दुधाचा हिशेब लिहितेस ना, त्याच कॅलेंडरवर सोमवार, बुधवार, शुक्रवारला टिंब कर. टिंब असेल त्या रात्रीच क्रीम.'

बाकीचं असं. झोपताना जागा धुऊन कोरडी करायची. फक्त चामखिळीवर पातळ थर लावून तो जिरेपर्यंत चोळायचा. आधी आणि नंतर हात साबणाने धुवायचे. वरून पट्टी बांधायची नाही, योनीच्या आत लावायचं नाही. सहा ते दहा तासांनी, म्हणजे सकाळी, सौम्य साबणाने धुऊन टाकायचं. क्रीम अंगावर असताना संबंध नको, शिवाय त्याने निरोधही कमकुवत होतो. एखादी रात्र विसरली तर दुसऱ्या दिवशी दुप्पट लावायचं नाही. थोडी लाली, खाज, चुरचुर होणारच. पण जखम, सूज, ताप किंवा लघवीला त्रास झाला, तर क्रीम धुऊन थांबायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं. औषध चामखीळ जाईपर्यंत, पण सोळा आठवड्यांपेक्षा जास्त नाही. दिवस गेले असतील किंवा तशी शंका असेल, तर आधी सांगायचं. पोडोफायलोटॉक्सिन नावाचं दुसरं औषध तर गरोदरपणी अजिबात चालत नाही. आणि आपलं उरलेलं क्रीम नणंदेला, मैत्रिणीला मुळीच द्यायचं नाही.

तिसऱ्या महिन्यात जागा स्वच्छ झाली. क्रीमने चामखीळ जाते, विषाणू काही दिवस राहू शकतो. म्हणून पुन्हा उगवली, तर घाबरून न जाता परत यायचं, हेही तिला बजावलं.

तिचं खरं दुखणं मात्र निराळंच होतं. 'यांनी विचारलं, हे घरात कुणी आणलं? मी काय सांगू?' पुढच्या खेपेला नवऱ्याला घेऊन यायला सांगितलं. तो बाहेर बाकड्यावर बसला होता, त्याला आत बोलावलं. म्हटलं, 'हे कुणाकडून आणि कधी आलं, ते आम्हा डॉक्टरांनाही सांगता येत नाही. लग्नाआधीचंही असू शकतं. तुमचंही असू शकतं. तेव्हा बायकोवर संशय घेण्याआधी स्वतःची तपासणी करून घ्या.' तो काही बोलला नाही, पण त्वचारोगतज्ज्ञांकडे जाऊन आला.

तिची गर्भाशयमुखाची तपासणीही करून घेतली. तिशीनंतर ती प्रत्येकीने करावी. थोरली मुलगी दहा वर्षांची आहे म्हणाली, तेव्हा लशीचं सांगितलं. पुण्यातच तयार होणारी सर्व्हाव्हॅक ही लस २०२३ साली बाजारात आली. ६, ११, १६ आणि १८ या चारही प्रकारांपासून ती संरक्षण देते. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींना दोन डोस पुरतात.

मैत्रिणींनो, दार लावून बोला हवं तर. पण शेजारणीशी मोघम नको, डॉक्टरांशी नीट बोला.