वाढती संस्था आणि तक्रारीची दखल : यरुशलेमेतील आद्य मंडळीचा अभ्यास

प्रस्तावना

संस्थेची वाढ सामान्यतः सभासदसंख्या, इमारती व निधी यांवरून मोजली जाते. परंतु संख्या वाढत असताना नेतृत्व व सामान्य सभासद यांच्यातील अंतरही वाढत असते. वीस माणसांत सहज कळणारी अडचण हजारोंच्या समूहात वरपर्यंत पोहोचत नाही. या अंतरातून उद्भवणाऱ्या तक्रारीची दखल नेतृत्व कशी घेते, यावर वाढीचे निकोपपण अवलंबून असते. प्रस्तुत लेखात ‘प्रेषितांची कृत्ये’ या नव्या करारातील ग्रंथाच्या सहाव्या व पंधराव्या अध्यायांतील प्रसंगांच्या आधारे हा मुद्दा स्पष्ट केला आहे.

समस्येचे स्वरूप

या ग्रंथानुसार यरुशलेमेत एकाच दिवशी सुमारे ३,००० लोक मंडळीत सामील झाले आणि पुढे केवळ पुरुषांची संख्याच सुमारे ५,००० झाली. जबाबदारी मात्र बारा प्रेषितांवरच एकवटलेली होती. रोजच्या अन्नवाटपात आपल्या विधवांची उपेक्षा होते, अशी कुरकुर ग्रीकभाषक यहुद्यांनी इब्री गटाविरुद्ध सुरू केली. निराधार विधवांच्या दृष्टीने हा रोजच्या अन्नाचा प्रश्न होता. वाद तत्त्वाचा नव्हता, व्यवस्थेचा होता. तथापि त्याला भाषाभेदाची जोड असल्याने मंडळीत फूट पडण्याचा धोका होता.

नेतृत्वाचा प्रतिसाद

प्रेषितांच्या कृतीत चार बाबी लक्षणीय आहेत.

१) त्यांनी सर्व शिष्यांची सभा बोलावली. खासगी कुरकुर त्यामुळे सार्वजनिक विचाराचा विषय झाली. तक्रार करणाऱ्यांना दोष दिल्याचा उल्लेख वृत्तांतात नाही.

२) प्रार्थना व वचनाची सेवा हे आपले मुख्य कार्य असल्याचे सांगून त्यांनी वाटपाचे काम स्वतंत्र व्यक्तींकडे सोपविण्याचे सुचविले. निर्गमाच्या अठराव्या अध्यायात एकट्याने न्यायनिवाडा करणाऱ्या मोशेला त्याचा सासरा इथ्रो हाच सल्ला देतो.

३) पात्रतेचे निकष प्रेषितांनी सांगितले, निवड मात्र सभेने केली.

४) निवडलेल्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. त्यावरून ते प्रामुख्याने तक्रारदार गटातील असावेत, असे अनेक अभ्यासक मानतात. तसे असल्यास उपेक्षितांनाच वाटपाचा अधिकार देण्यात आला, असे म्हणता येते.

यानंतर शिष्यांची संख्या फार वाढली, असे ग्रंथकार नमूद करतो.

निर्णयाचे संप्रेषण

पंधराव्या अध्यायातील प्रसंग सामान्यतः इ. स. ४९ च्या सुमाराचा मानला जातो. परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांना सुंता आवश्यक आहे काय, यावर यरुशलेमेत बराच वादविवाद झाला. निर्णय अंत्युखियास कळविताना पत्र धाडण्यात आले. शिवाय पौल व बर्णबा यांच्यासोबत यहूदा व सीला यांना तोच आशय तोंडी सांगण्यासाठी पाठविण्यात आले. लिखित मजकुरामुळे निर्णयात संदिग्धता राहत नाही, तर प्रत्यक्ष भेटीमुळे शंका विचारण्यास वाव मिळतो. आपल्यापैकी काहींनी, आपली आज्ञा नसताना, लोकांना अस्वस्थ केल्याचेही पत्रात मान्य केले आहे.

मर्यादा व आजचा संदर्भ

हे उदाहरण निर्दोष नाही. ज्या विधवांसाठी हा खटाटोप झाला, त्यांचे स्वतःचे म्हणणे वृत्तांतात येत नाही. निवडलेले सातही जण पुरुषच आहेत. व्यथित व्यक्तीच्या वतीने इतरांनी बोलणे आणि तिला स्वतः बोलता येणे, यांतील फरक लक्षात ठेवला पाहिजे.

महाविद्यालयांनाही हा प्रश्न लागू पडतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समिती असणे बंधनकारक असून तीत महिलांना व मागास प्रवर्गांना प्रतिनिधित्व आवश्यक आहे. तथापि समितीचा फलक लावणे म्हणजे संवाद नव्हे. एकही तक्रार न येणे हे समाधानाचे लक्षण असू शकते, तसेच भीतीचेही. यांपैकी खरे काय, हे प्राचार्य व विभागप्रमुखांनी विद्यार्थ्यांत व कर्मचाऱ्यांत मिसळूनच जाणून घ्यावे लागते.

निष्कर्ष

तक्रार ही वाढीतील विघ्न नसून, व्यवस्था वाढीच्या तुलनेत मागे पडल्याची सूचना असते. ती उघडपणे ऐकणे, अधिकाराची वाटणी करणे आणि निर्णय लेखी व प्रत्यक्ष अशा दोन्ही मार्गांनी पोहोचविणे, ही निकोप नेतृत्वाची लक्षणे होत. मंडळी असो वा महाविद्यालय, जेथे सर्वांत दुर्बल घटकाचे म्हणणे सभेपर्यंत पोहोचते, तेथील वाढच टिकाऊ ठरते.