चक्क्याचं पाणी

पहाटे ५
पुण्यातल्या एका पेठेत, जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर श्रीखंडाचा कारखाना. पाडवा तोंडावर आलाय. रात्री विरजलेलं शंभर लिटर दूध घट्ट लागलंय. मामा मांजरपाटाच्या फडक्यात दही ओततात, टोकं आवळतात, गाठ मारून आकड्याला टांगतात. गाठोडं दहा किलोंचं, आकडा डोक्याच्या वर. अशी दहा. फडकं साठ रुपयांचं, चार महिने टिकलं तर नशीब.

सकाळी ९
खालच्या बादल्या भरल्या. दारातून ऊन आलं की पाणी हिरवट पिवळं दिसतं. हा रंग रायबोफ्लेविनचा, म्हणजे ब-२ जीवनसत्त्वाचा. दुधातही तो असतोच, पांढऱ्यात लपलेला. उजेडात मात्र तो मोडत जातो. मामा बादल्या मोरीत ओततात. साठेक लिटर.

दुपारी १
चक्का उतरला. साखर घालून जाळीवर घासायचा. यंत्र आहे, पण बिघडलंय. मामांचा दंड भरून येतो.
पोटात गेलेल्या रायबोफ्लेविनला पेशी फॉस्फेट जोडतात आणि त्याचं एफएमएन होतं. पेशीच्या श्वसनसाखळीत, पहिल्याच टप्प्यावर, अन्नातून आलेले इलेक्ट्रॉन हेच उचलून घेतं. वारबुर्ग आणि ख्रिस्तियान यांना १९३२ मध्ये यीस्टमध्ये एक एन्झाइम सापडलं. ते पिवळं होतं, याच एफएमएनमुळे. त्याच्यावाचून मामांचा हात हलणार नाही. गल्ल्यावर बसलेल्या शेठचाही नाही.

दुपारी ३
आता रंग. केशर चिमूटभर, नावापुरतं. बाकीचा पिवळेपणा बाटलीतला. लेबलवर १०२, म्हणजे टार्ट्राझीन. १०१ क्रमांकाचाही खाद्यरंग असतो, तो रायबोफ्लेविनचा. नुसतं रायबोफ्लेविन पाण्यात जेमतेम विरघळतं. फॉस्फेट जोडलेलं सहज विरघळतं, म्हणून पेयांत, जेलीत, औषधी सिरपांत ते सोयीचं.
शेठना विचारलं. म्हणाले, "उजेडात उडतो ना तो? माझ्या काचेच्या कपाटात दिवसभर दिवा असतो."
सकाळी पिवळं ओतून दिलं, दुपारी पिवळं विकत आणलं. धंद्याचा हिशेब त्यांचा. मला तो पटला नाही.

संध्याकाळी ७
मामांची हजेरी सातशे, पाडव्याच्या आठवड्यात शंभर वर. जाताना ते पाण्याची एक किटली घरी नेतात. "आमच्याकडं पीठ यातच भिजवतात."
घरी चक्का टांगलात तर पाणी फेकू नका. थालीपिठाचं पीठ त्यात भिजवा. तव्याच्या आचेला हे जीवनसत्त्व बऱ्यापैकी टिकतं. भांडं तेवढं उन्हात ठेवू नका.