२१ हाझिरान १३३१

सभागृहाच्या दारात दोन पोलीस उभे होते आणि पिशव्या उघडून पाहत होते. इतिहासाच्या व्याख्यानाला एवढा बंदोबस्त मी अमेरिकेत पहिल्यांदाच पाहिला. १९१५ साली उस्मानी साम्राज्यातल्या आर्मेनियन लोकांचं काय झालं, हा विषय. वक्ते दोघेही जन्माने तुर्की, आता अमेरिकेत शिकवणारे: एक समाजशास्त्रज्ञ बाई आणि एक इतिहासकार. मी मिशिगनला लेकीकडे राहायला आले होते. विद्यापीठातली अशी व्याख्यानं कोणालाही खुली असतात. शिवाय पेशवे दफ्तरातले मोडी कागद वाचण्यात माझी उमर गेली, त्यामुळे दुसऱ्याच्या दफ्तराबद्दलही कुतूहल वाटतं.

पार्श्वभूमी बाईंनी पाच मिनिटांत उरकली. २४ एप्रिल १९१५च्या रात्री इस्तंबूलमधल्या आर्मेनियन लेखक-पुढाऱ्यांची धरपकड झाली. मे महिन्यात हद्दपारीचा कायदा आला. मग अनातोलियातली गावंच्या गावं सिरियाच्या वाळवंटाकडे हाकलली गेली, आणि लाखो माणसं वाटेत मारली गेली किंवा उपासमारीने मेली. माणसं मेली हे तुर्की सरकारही नाकारत नाही. मारण्याचा हेतू होता, एवढंच ते नाकारतं. मी शाळेत खिलाफत चळवळीचा धडा घोकला होता. ज्या खलिफाच्या गादीसाठी मुंबईत सभा भरत होत्या त्याच्या राज्यात चार-पाच वर्षांपूर्वी हे घडलं होतं, याचा त्या धड्यात उल्लेख नव्हता.

हेतू सिद्ध कसा करायचा? इतिहासकारांनी पुढचा जवळजवळ तासभर एकाच कागदावर घालवला.

पडद्यावर एक तार आली. वर उस्मानी गृहखात्याचं शीर्षक, खाली नुसते अरबी आकड्यांचे गट. तारीख २१ हाझिरान १३३१. हे उस्मानी सरकारचं रूमी साल. त्या काळी रूमी तारीख इंग्रजी तारखेच्या तेरा दिवस मागे चाले, म्हणून हा दिवस ४ जुलै १९१५. माझ्याकडून नकळत मान हलली. शुहूर सन, फसली, शक यांचा मेळ घालताना जंत्री उशाशी घेऊन झोपलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. तार पाठवणारा बहाएद्दीन शाकिर, सत्ताधारी इत्तिहाद पक्षाचा बडा माणूस, मुक्काम एर्झुरूम. तार हारपूतच्या गव्हर्नरामार्फत तिथल्या पक्षप्रतिनिधीला गेली. तुमच्याकडून हाकललेल्या आर्मेनियनांचा निकाल लावला जातोय की त्यांना नुसतं पुढे ढकललं जातंय, अशी तिच्यात विचारणा आहे.

१९१९ साली इस्तंबूलच्या लष्करी न्यायालयात इत्तिहादच्या पुढाऱ्यांवर खटले चालले, तेव्हा हा मजकूर पुराव्यात होता. खटल्याची मूळ कागदपत्रं पुढे नाहीशी झाली आणि सरकारी गॅझेटात छापलेला भागच हाती राहिला. मूळ तार कुठे आहे, या प्रश्नाला त्यामुळे दशकानुदशकं उत्तर नव्हतं. ते तानेर आकचाम या इतिहासकाराने २०१७ साली दिलं. आकचाम स्वतः तुर्की. सत्तरच्या दशकात राजकीय लेखनामुळे तुरुंगात गेले, अंकाराच्या तुरुंगातून पळाले आणि जर्मनीत आश्रयाला राहिले. क्रिकोर गेरगेरियन या आर्मेनियन कॅथलिक पाद्र्याने जेरुसलेमच्या आर्मेनियन धर्मपीठात असलेल्या खटल्याच्या कागदांचे फोटो काढून ठेवले होते. लहानपणी तो स्वतः या संहारातून वाचलेला. पुढे हे फोटो न्यूयॉर्कमध्ये त्याच्या पुतण्याकडे होते. त्यांतच ही तार सापडली.

फोटो मिळाला म्हणजे काम संपलं, असं नाही. खरं काम पुढचं, आणि वक्त्यांनी ते रेंगाळत, चवीने सांगितलं. त्याच महिन्यांतल्या गृहखात्याच्या इतर सांकेतिक तारा इस्तंबूलच्या सरकारी दफ्तरात आहेत आणि त्यांतल्या काहींवर आकड्यांच्या डोक्यावर कारकुनाने उलगडलेले शब्द लिहिलेले आहेत. ते शब्द आणि शाकिरच्या तारेतले आकडे शेजारी शेजारी ठेवले, की एकच गट एकाच शब्दाला लागतो का, ते पाहता येतं. लागतो. म्हणजे संशयाला उत्तर मिळालं ते सरकारच्याच कपाटातून.

याच्या जोडीला रेघी कागदाची गोष्ट आली. नईम एफेंदी नावाच्या अधिकाऱ्याच्या आठवणी आणि तेव्हाचा गृहमंत्री तलत पाशा याच्या तारा १९२०च्या सुमारास छापल्या गेल्या होत्या. १९८३ साली दोन तुर्की लेखकांनी त्या बनावट ठरवल्या. असा अधिकारी नव्हता, उस्मानी कचेऱ्या रेघी कागद वापरत नसत, वगैरे. आकचामनी नईम एफेंदीचं नाव असलेले सरकारी कागद काढले आणि रेघी कागदही काढले. सभागृहात हशा पिकला. मला हसू आलं नाही. कागदाच्या जातीवरून कितीतरी पत्रं आम्हीही बाद केली आहेत.

प्रश्न चिठ्ठीवर लिहून घेतले जात होते. तरी एक मिशाळ गृहस्थ उभे राहिलेच. बाल्कन युद्धात हाकललेल्या मुसलमानांचं काय, त्यांच्यासाठी कोण रडतं? चुळबुळ सुरू झाली. बाईंनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. १९१२-१३चे निर्वासित, त्यांचे हाल, इत्तिहादच्या कित्येक पुढाऱ्यांची जन्मगावं बाल्कनमध्ये हातची गेली होती, हे सगळं खरं, म्हणाल्या. संतापाचं कारण त्यात सापडेल, पण तारेत काय लिहिलंय ते त्याने बदलत नाही. गृहस्थ बसले. पटलं असेल असं वाटत नाही.

चिठ्ठीवर कोणीतरी विचारलं होतं, हे व्याख्यान इस्तंबूलमध्ये होऊ शकेल का? बाईंनी २००५ची हकिकत सांगितली. इस्तंबूलच्या बोआझिची विद्यापीठात मे महिन्यात याच विषयावर परिषद ठरली. न्यायमंत्री जेमिल चिचेक यांनी संसदेत तिला राष्ट्राच्या पाठीत खंजीर म्हटलं आणि ती पुढे ढकलली गेली. सप्टेंबरमध्ये न्यायालयाने स्थगिती दिली. तेव्हा आयोजकांनी जागा बदलून ती बिल्गी विद्यापीठात घेतलीच. दाराशी निदर्शकांनी अंडी-टोमॅटो फेकले. तिथे बोललेल्या ह्रांत दिंक या आर्मेनियन संपादकाला १९ जानेवारी २००७ रोजी इस्तंबूलमध्येच, त्याच्या ‘आगोस’ साप्ताहिकाच्या कचेरीबाहेर, गोळ्या घातल्या गेल्या. दारातले पोलीस कशासाठी, ते मग वेगळं विचारावं लागलं नाही. पुण्यात २००४च्या जानेवारीत भांडारकर संस्थेत जमावाने फोडलेली कपाटं मी पाहिली होती, त्यामुळे अंडी-टोमॅटोवर भागलं याचं मला जरा नवलच वाटलं.

कार्यक्रम संपल्यावर एक तुर्की मुलगी मंचाशी गेली. विशी-बाविशीची, आवाज चढलेला. होजाम, म्हणजे सर, शीर्षक असलेला कोरा कागद कोणीही चोरू शकतो, असं तिचं म्हणणं. बिनतोड नसला तरी मुद्दा वाजवी होता. इतिहासकार म्हणाले, चोरता येईल, म्हणूनच आम्ही शीर्षकावर थांबलो नाही, आकडे ताडले. कोणत्या तारांशी, तिने विचारलं. त्यांनी लॅपटॉप पुन्हा उघडला आणि दफ्तराचे क्रमांक एकेक करून सांगितले. कपाळावरची आठी तशीच ठेवून तिने ते उतरवून घेतले आणि एक क्रमांक ऐकू आला नाही म्हणून परत विचारला.