‘जहाज चुकलं’ म्हणजे नेमकं काय झालं?

आज आपण बंदरावर जाऊन येणार आहोत. हसू नका. आपल्या जिल्ह्यात समुद्र नाही हे मलाही ठाऊक आहे. आमच्या गटातल्या अकरा जणींपैकी आठ जणींनी तर समुद्र अजून फक्त टीव्हीवरच पाहिलाय. तरी २०२५ च्या मे महिन्यात आमच्या अकराही जणींचे पैसे समुद्रावर अडकले.

झालं असं, की १ एप्रिल २०२५ पासून कांद्यावरचं वीस टक्के निर्यात शुल्क सरकारने काढलं. त्याआधीचं आठवतच असेल. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी, मे २०२४ मध्ये ती उठली तर वर चाळीस टक्के शुल्क, मग सप्टेंबरमध्ये वीस. शुल्क गेल्यावर आम्ही ठरवलं की घरोघरचा उन्हाळी कांदा एकत्र करायचा आणि परदेशात माल पाठवणाऱ्या एका खरेदीदाराला द्यायचा. दोनशे क्विंटल भरला. निवडून, एकसारख्या आकाराचा. भावही बाजार समितीपेक्षा बरा ठरला. पैसे आले तेव्हा क्विंटलमागे साठ रुपये कमी. विचारलं तर उत्तर मिळालं, “ताई, समुद्र खवळला, जहाज चुकलं, कंटेनर बंदरावर पडून राहिला. त्याचा खर्च कुणी भरायचा?”

बारा हजार रुपये. जणीमागे हजार-अकराशे. आमच्या अध्यक्ष काकू म्हणाल्या, “समुद्राशी कोण भांडणार बाई?” आणि विषय तिथंच संपला असता. पण माझा मामेभाऊ उरणच्या रस्त्यावर ट्रेलर चालवतो. त्याला फोन लावला तर तो म्हणाला, “अक्का, जहाज चुकणं हे चार प्रकारचं असतं. कुठलं चुकलं ते आधी विचार.”

तेव्हापासून मी हे समजून घेत गेले. जेवढं समजलं तेवढं सांगते.

आपला बहुतेक कांदा, द्राक्षं, डाळिंब जिथून बाहेर जातात ते बंदर म्हणजे न्हावा शेवा. रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात. १९८९ साली ते सुरू झालं. कागदोपत्री नाव जवाहरलाल नेहरू बंदर. नगरहून पुणे, पनवेल करत गेलं तर अडीचशे किलोमीटरच्या आसपास पडतं. वर्षाला सत्तर लाखांहून जास्त कंटेनर तिथून ये-जा करतात. हा हिशेब वीस फुटी पेटी एक धरून करतात, चाळीस फुटी असली की दोन. बंदर रात्रंदिवस चालतं. पण रात्रंदिवस चालतं म्हणजे जहाज वाटेल तेव्हा येऊन लागतं असं नाही. एसटी स्टँडवर गाडी आली आणि फलाटाला लागली, तसं तिथं होत नाही.

पहिली गोष्ट भरती-ओहोटी. समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा चढतं, दोनदा उतरतं, आणि रोजची वेळ आदल्या दिवशीपेक्षा साधारण पन्नास मिनिटांनी पुढं सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी सगळ्यात जास्त चढतं, त्याला उधाण म्हणतात. पावसाळ्यात मुंबई महापालिका साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस आधीच जाहीर करते, ते हेच. अष्टमीच्या सुमाराला चढ-उतार कमी असतो, त्याला कोळी लोक भांग म्हणतात. म्हणजे जी तिथी आपण उपासासाठी बघतो, ती तिथं जहाजासाठी बघतात. त्यांच्याकडं छापील कोष्टकच असतं, कोणत्या दिवशी किती वाजता किती पाणी त्याचं.

हे का लागतं? भरलेल्या जहाजाचं पोट पाण्याखाली किती खोल जातं, त्याला ड्राफ्ट म्हणतात. न्हावा शेव्याचा जहाजांचा रस्ता समुद्राचा तळ खोदून खोल केलेला आहे. पंधरा मीटरपर्यंत ड्राफ्टची जहाजं तिथं येऊ शकतात, पण एवढं खोल जहाज भरतीचा आधार घेऊनच आत येतं. पंधरा मीटर म्हणजे आपल्याकडच्या चांगल्या खोल विहिरीएवढं. तळ आणि जहाजाचं पोट यांच्यामध्ये काही पाणी राखावंच लागतं. भरतीची वेळ हुकली तर अशा जहाजाला पुढच्या भरतीपर्यंत, म्हणजे जवळजवळ साडेबारा तास, बाहेर नांगर टाकून थांबावं लागतं. नांगरलेलं जहाज दिवसा पुढच्या बाजूला एक काळा गोळा टांगतं. दुसऱ्या जहाजांनी ओळखायचं की हे जागेवर उभं आहे.

दुसरी गोष्ट पायलट. विमानाचा नव्हे. परदेशातून आलेला कप्तान कितीही जाणता असला, तरी मोठं जहाज बंदरात त्याने एकट्याने आणायचं नाही, असा कायदाच आहे. बंदराचा पायलट छोट्या बोटीतून जातो, चालत्या जहाजाच्या कडेला दोराची शिडी सोडलेली असते ती चढून वर जातो आणि कप्तानाला रस्ता दाखवतो. तो वर आला की जहाजावर अर्धा पांढरा, अर्धा लाल बावटा लागतो. जून-जुलैत लाटा उसळतात तेव्हा ती शिडी चढणं म्हणजे जिवाचाच खेळ, म्हणून खराब हवेत पायलट थांबवतात आणि जहाजंही थांबतात. धक्क्याजवळ आल्यावर टग नावाच्या ताकदवान छोट्या बोटी जहाजाला ढकलून, ओढून जागेवर लावतात. भरलेली बैलगाडी दावणीला उलटी लावायची तर दोघं-तिघं धरतात ना, तसंच.

बावट्यांचं आणखी एक सांगते, कारण मला ते फार आवडलं. पिवळा बावटा म्हणजे “जहाजावर सगळे निरोगी आहेत, आत येऊ द्या.” लाल बावटा म्हणजे “धोक्याचा माल आहे, जपून.” आणि बंदरावर ‘तीन नंबरचा बावटा’ लागला असं बातम्यांत ऐकतो, तो हवामान खात्याच्या इशाऱ्यावरून बंदर लावतं. हे इशारे एकपासून अकरापर्यंत असतात. तीन नंबर म्हणजे बंदराला वादळी वाऱ्याचा धोका आहे. कोळ्यांच्या बोटींनी तेव्हा बाहेर जायचं नसतं. तशीही १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. मोठी जहाजं मात्र पावसाळ्यातही येत-जात राहतात. फक्त वारा ठरावीक वेगाच्या वर गेला की क्रेन बंद करतात, कारण उंचावर लटकलेली भरलेली पेटी झोके घ्यायला लागली तर आवरत नाही.

समुद्रात रस्त्याचे नियमही आहेत. आपण डावीकडून चालतो, अरुंद वाटेत जहाज उजवीकडून चालतं. दोन जहाजं समोरासमोर आली तर दोघांनी आपापल्या उजवीकडं वळायचं. रात्री जहाजाच्या डाव्या अंगाला लाल दिवा, उजव्या अंगाला हिरवा. त्यावरून समोरचा येतोय की जातोय ते कळतं. छोट्या बोटींनी मोठ्या जहाजाची वाट अडवायची नाही, कारण ते ब्रेक लावून थांबत नाही. मशीन बंद केलं तरी कितीतरी अंतर पुढं जात राहतं.

हे नियम किती महत्त्वाचे, ते ७ ऑगस्ट २०१० ला कळलं. न्हावा शेव्याहून बाहेर निघालेलं एमएससी चित्रा आणि आत येणारं खलिजिया-३ ही दोन जहाजं मुंबईजवळ एकमेकांवर आदळली. चित्रा एका अंगावर कलंडलं, शेकडो कंटेनर समुद्रात पडले, काहींत कीटकनाशकं होती, आणि तेल पसरून किनारे काळे झाले. मुंबई आणि न्हावा शेवा या दोन्ही बंदरांचा समुद्रातला रस्ता एकच, आणि त्यात कंटेनर तरंगत होते. त्यामुळे काही दिवस दोन्ही बंदरांची जहाजं अडकून पडली. अशा वेळी शेतकऱ्याचा माल थांबला तर कुणाला बोल लावणार? ती खरी ‘समुद्राची’ अडचण.

आता आपल्या कामाचं.

जहाज धक्क्याला लागण्याच्या आधीच कंटेनर बंदराच्या आवारात यावा लागतो. प्रत्येक जहाजासाठी गेट कधी उघडणार आणि कधी बंद होणार हे आधी जाहीर होतं. या बंद होण्याच्या वेळेला तिकडं ‘कट-ऑफ’ म्हणतात. त्याच्यानंतर आलेली पेटी त्या जहाजावर चढत नाही. मला आधी वाटलं, ही काय मुजोरी? जहाज उभं आहे, गाडी दारात आहे, घ्या की आत! पण त्याला कारण आहे. तुम्ही टेम्पोत सामान भरता तेव्हा जड पोती खाली ठेवता, आणि जे आधी उतरवायचं ते सगळ्यात शेवटी भरता. जहाजावर हजारो पेट्या. कुठली खाली, कुठली वर, कुठली दुबईला उतरणार, कुठली मलेशियाला, याचा नकाशा आधी तयार करावा लागतो. वजन चुकलं तर जहाज कलू शकतं. म्हणून १ जुलै २०१६ पासून जगभर नियम आहे की तपासलेलं वजन सांगितल्याशिवाय कंटेनर जहाजावर घ्यायचा नाही. त्याशिवाय कस्टमची परवानगी हवी, रोपांची रोग-कीड तपासल्याचा दाखला हवा, गेटवर ‘फॉर्म १३’ हवा. यातला एक कागद राहिला तरी गाडी बाहेरच उभी. आपल्या मालाला त्यात वेगळा धोका असतो. बंद पेटीत कांद्याला हवा लागते, द्राक्षाला थंडावा लागतो. पेटी थांबली की विजेचं, जागेचं भाडं चढायला लागतं आणि आतला माल घाम धरतो.

तर भाऊ म्हणाला तसे चार प्रकार असे. हवा किंवा भरतीमुळं जहाजच उशिरा आलं. जहाज आलं, पण धक्क्यावर गर्दी म्हणून बाहेर थांबलं. जहाज कंपनीने आपली पेटी या फेरीला न घेता पुढच्या जहाजावर ढकलली. किंवा जहाज वेळेत आलं, वेळेत गेलं, आणि पेटीच कट-ऑफनंतर गेटवर पोचली. पहिल्या तिन्हींत खरेदीदाराचाही इलाज नसतो. चौथं मात्र ज्याच्या हातात पेटी आणि कागद, त्याचं.

आम्ही खरेदीदाराकडं कंटेनर नंबर मागितला. आधी टाळाटाळ झाली. मग आम्ही चौघी जाऊन बसलो, काकूंनी डबाच काढला जेवायला, तेव्हा मिळाला. हा नंबर चार इंग्रजी अक्षरं आणि सात आकडे असा असतो, पेटीच्या दारावर रंगवलेला असतो. लॉजिस्टिक्स डेटा बँक नावाची सरकारी उपक्रमाची वेबसाइट आहे. त्यात नंबर टाकला की पेटी कधी कुठं होती ते दिसतं. जहाजांच्या येण्या-जाण्याच्या वेळाही टर्मिनल उघड जाहीर करतात. माझ्या बारावीतल्या पुतण्याने दहा मिनिटांत काढून दिलं सगळं.

निघालं ते असं. आमची गाडी मंगळवारी रात्री गावातून निघाली, वजनकाट्याची पावती आमच्याकडं होती. बुधवारी दुपारी बंदराजवळच्या गोदामात माल उतरला, त्याची पोच चालकाकडं होती. त्या जहाजाचा कट-ऑफ गुरुवारी रात्रीचा. आणि आमची पेटी गेटवर आली शुक्रवारी संध्याकाळी. जहाज शनिवारी ठरल्याप्रमाणे आलं आणि गेलं. समुद्र कुठंच खवळला नव्हता. गोदामात दोन दिवस माल पडून राहिला, बहुतेक कागद अपुरे होते म्हणून.

हे सगळं एका कागदावर तारीखवार लिहून आम्ही परत गेलो. भांडलो नाही. कागद पुढं ठेवला आणि काकूंनी एवढंच विचारलं, “यातला कोणता उशीर आमचा?” सहा हजार त्याच आठवड्यात मिळाले. उरलेले सहा हजार दिवाळीपर्यंत दोन हप्त्यांत आले, तेही सतरा फोन केल्यावर.

आता आमच्या गटाच्या सौदाचिठ्ठीत दोन ओळी वाढल्या आहेत. एक, माल गोदामात पोचल्यानंतरच्या उशिराची कपात गटाकडून होणार नाही. दोन, पैसे देताना जहाजाचं नाव, कंटेनर नंबर आणि कट-ऑफची तारीख लिहून द्यायची. एका खरेदीदाराने त्या ओळी वाचून चिठ्ठी परत केली आणि दुसरीकडून माल घेतो म्हणाला. दुसऱ्याने सही केली, भाव क्विंटलला पंधरा रुपये कमी दिला. त्यावर आमच्या गटात दोन बैठका झाल्या. सात जणी म्हणाल्या पंधरा रुपये कमी चालतील, चौघींना अजून पटलेलं नाही. तुमच्या गटात कुणी असा सौदा केला असेल तर वजनकाट्याच्या पावत्या काढून ठेवा आणि आपल्या रेडिओच्या पत्त्यावर कळवा. पुढच्या वेळी त्या हिशेबावरच बसू.